घरातला संगणक : एका फोल्डरच्या दोन जागा



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक लोखंडी पेटी असते. पलंगाखाली किंवा माळ्यावर. तिच्यात शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, लाइटबिले, नोकरीची जुनी पत्रे, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या आणि एखाद्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला आजोबांच्या शाळेचा उतारा असतो. पेटीची किल्ली आईकडे असते आणि आईला विचारल्याशिवाय ती कोणी उघडत नाही.

आता बऱ्याच घरांत दुसरी पेटी आली आहे. ती संगणकात आहे. मुलाने किंवा मुलीने कॉलेजसाठी घेतलेला, पुष्कळदा कोणाचा तरी वापरलेला संगणक. आणि त्यात 'घरचे कागद' किंवा 'डॉक्युमेंट्स' अशा नावाचा एक फोल्डर. कल्याणच्या एका वाचक भगिनींनी त्याबद्दल पत्र लिहिले आहे. त्या म्हणतात, मुलाने सगळ्या कागदांचे फोटो काढून संगणकात ठेवले, ते चांगलेच केले. मग तेच त्याने पेनड्राईव्हवरही ठेवले. पुढे काही नवे कागद संगणकात गेले, काही पेनड्राईव्हवर गेले, आणि आता दोन्हीकडे वेगवेगळे आहे. नवा कोणता, जुना कोणता, हे त्यालाही कळत नाही. यावर उपाय काय?

प्रश्न साधा वाटतो, पण फार उपयोगाचा आहे. म्हणून आजचे सदर त्यावरच.

आधी एवढी धडपड कशासाठी, ते पाहू. जात वैधता प्रमाणपत्रासाठी ज्यांनी धावपळ केली आहे त्यांना सांगायला नको. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा असतो, किंवा गावच्या कोतवाल बुकाची नक्कल असते. तो कागद काढायला कोणी तरी एकदा रजा टाकून गावी गेलेले असते, मुख्याध्यापकांच्या दारात दोन दिवस बसलेले असते. संगणकातला फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे, हे खरे. समितीपुढे मूळ कागद दाखवावा लागतो. पण मूळ उतारा हरवला आणि त्याचा स्वच्छ फोटो हाताशी असला, तर शाळेचे नाव, रजिस्टर नंबर, प्रवेशाची तारीख हे सगळे समोर असते. नंबर सांगितला की शाळेतला कारकून तेच पान उघडतो. नंबर नसला तर सबंध रजिस्टर चाळावे लागते, आणि ते चाळायला कोणाला वेळ असतो?

गुणपत्रके, आधार, वाहन परवाना यांची चिंता आता थोडी कमी झाली आहे. 2015 साली सुरू झालेल्या सरकारच्या डिजिलॉकरमध्ये ज्या खात्याने कागद थेट दिला असेल तो मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. पण आजोबांचा उतारा तिथे आपोआप येत नाही. आजीचा एकुलता एक फोटोही येत नाही. हे आपणच सांभाळायचे.

कागद आणि संगणक दोन्ही पाण्याला भितात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत तळमजल्यावरच्या आणि बैठ्या चाळीतल्या किती घरांतल्या पेट्या चिखलात गेल्या, ते ज्यांनी कागद दोरीवर वाळत घातले त्यांना विचारा. 2019 साली सांगली-कोल्हापूरकडेही तेच झाले. आणि सरकारचे स्वतःचे काय? 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर चढली, माणसे दगावली आणि असंख्य फाइली जळाल्या. एवढ्या मोठ्या इमारतीत ज्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या जागी होती तोच सहज परत मिळाला. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीला वेगळा नियम नाही.

तर, दोन जागा हव्यात. पण दोन जागा केल्या की कल्याणच्या ताईंचा प्रश्न उभा राहतो. हाताने कॉपी करायची म्हटले तर प्रत्येक वेळी सबंध फोल्डर उचलून पेनड्राईव्हवर टाकावा लागतो. संगणक विचारतो, 'याच नावाची फाइल आहे, बदलू का?' माणूस कंटाळून 'होय, सगळ्या बदला' म्हणतो. कधी जुनी फाइल नव्या फाइलवर बसते. कधी 'घरचे कागद', 'घरचे कागद नवीन', 'घरचे कागद नवीन 2' असे तीन फोल्डर होतात. तिसरा झाला की समजावे, कारभार हाताबाहेर गेला.

यावरचा उपाय म्हणजे सिंक करणे. पूर्ण शब्द सिंक्रोनाईझ. मराठीत सरळ 'मेळ घालणे' म्हणू. किराणा दुकानदार आपली वही आणि आपल्या घरची उधारीची वही शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहतो, आणि जिथे फरक दिसेल तेवढेच दुरुस्त करतो. सिंकचा प्रोग्राम तेच करतो. दोन्ही फोल्डर वाचतो, प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख-वेळ ताडतो, आणि फरक असेल तेवढ्याच फाइली हलवतो. पाच हजार फोटोंतले वीस नवे असतील तर वीसच जातात. म्हणून पहिल्या दिवशी तासभर लागला तरी पुढच्या वेळी काम मिनिटभरात होते.

कल्पना नवी नाही. विंडोज 95 मध्ये 'ब्रीफकेस' नावाची सोय होती. ऑफिसातल्या फाइली तिच्यात घालून फ्लॉपीवरून घरी न्यायच्या, काम करायचे आणि परत आल्यावर मेळ घालायचा. पुढे ती सोय विंडोजमधून गेली. 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या अँड्रयू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' नावाचा प्रोग्राम केला. त्याची युक्ती अशी की मोठ्या फाइलमधला थोडासा भाग बदलला असेल तर सबंध फाइल पाठवायची नाही. फाइलचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची एक खूण काढायची, आणि ज्या तुकड्याची खूण जुळणार नाही तेवढाच तुकडा तारेवरून पाठवायचा. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट रडतखडत चाले, त्यामुळे या युक्तीची किंमत मोठी होती. लिनक्स चालवणाऱ्या मोठमोठ्या संगणकांवर आरसिंक अजून रोज वापरले जाते.

आपल्या विंडोजच्या घरगुती संगणकाला दोन मार्ग आहेत. विंडोजमध्ये आयताच 'रोबोकॉपी' नावाचा हुकूम आहे. विंडोज व्हिस्टापासून तो सोबतच येतो, पण तो काळ्या पडद्यावर टाइप करावा लागतो आणि चुकीला माफी नाही. ज्यांच्या मुलांनी संगणकाचा डिप्लोमा केला आहे त्यांनी तो जरूर शिकावा. बाकीच्यांसाठी 'फ्रीफाईलसिंक' नावाचा फुकट प्रोग्राम सोपा पडतो. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. फक्त तो त्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावा. कोणा मित्राच्या पेनड्राईव्हवरून किंवा 'फ्री डाउनलोड' असे मोठे बटण दाखवणाऱ्या भलत्या जागेवरून घेऊ नये.

उघडल्यावर पडद्याचे दोन भाग दिसतात, डावा आणि उजवा. डावीकडे संगणकातला फोल्डर निवडायचा, उजवीकडे पेनड्राईव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवरचा. मग 'कंपेअर' दाबायचे. प्रोग्राम यादी दाखवतो : ही फाइल डावीकडून उजवीकडे जाणार, ही पुसली जाणार, ही तशीच राहणार. तोपर्यंत एकही फाइल हललेली नसते. ही यादी वाचायची. घाईने पुढे जायचे नाही. नंतरच 'सिंक्रोनाईझ'.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण लोक आपले नुकसान इथेच करून घेतात. मेळ घालण्याचे तीन प्रकार आहेत.

'मिरर' म्हणजे आरसा. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे. डावीकडे नसलेली फाइल उजवीकडे असेल तर ती पुसली जाते. आरशात वेगळे काही दिसत नाही ना, तसेच. 'अपडेट' प्रकारात नवे आणि बदललेले उजवीकडे जाते, पुसले काहीच जात नाही. आणि 'टू वे' म्हणजे दोन्ही बाजूंनी : इकडचे नवे तिकडे, तिकडचे नवे इकडे, आणि एका बाजूला पुसलेले दुसऱ्या बाजूलाही पुसायचे.

आता कल्पना करा. संगणक फॉर्मॅट करून आणला आहे. डावीकडचा फोल्डर रिकामा, उजवीकडे पेनड्राईव्हवर घरचे सगळे कागद. कोणी तरी सवयीने मिरर चालवला, तर आरसा रिकाम्या फोल्डरचा होईल आणि भरलेला पेनड्राईव्ह साफ होईल. किंवा डावे-उजवे उलटे झाले तरी तेच. फ्रीफाईलसिंक अशा वेळी 'दोन्ही फोल्डरांत फार मोठा फरक आहे, तपासून पाहा' असा इशारा देतो. रोबोकॉपी तसा इशारा देत बसत नाही, सांगितले ते करून मोकळा होतो. इशारा आला की 'ओके' दाबण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवावे. आपण बँकेत विड्रॉल स्लिप भरताना आकडा शेजाऱ्याला दाखवतो, त्यात कमीपणा मानतो का?

माझे मत असे की ज्या घरात एकच माणूस संगणक हाताळतो, तिथे कागदांच्या फोल्डरासाठी 'अपडेट' हाच प्रकार ठेवावा. थोडा कचरा साचेल, एखादा अस्पष्ट फोटो दोनदा राहील. राहू द्या. जन्मदाखला पुसला जाण्यापेक्षा कचरा परवडला. मिरर वापरायचाच असेल तर पुसलेल्या फाइलींचे काय करायचे, ते सेटिंगमध्ये ठरवता येते. तिथे 'व्हर्जनिंग' निवडले की पुसलेल्या आणि बदललेल्या जुन्या फाइली एका वेगळ्या फोल्डरात तारीख-वेळेसकट जमा होतात. रिसायकल बिनवर फार विसंबू नये. पेनड्राईव्हवर आणि नेटवर्कवरच्या फोल्डरला साधारणपणे रिसायकल बिन नसते. तिथे पुसले ते गेले.

यावरून सिंक आणि बॅकअप यांतला फरकही ध्यानात येईल. सिंक म्हणजे दोन्ही जागा सारख्या ठेवणे. चांगले बदल सारखे होतात, तसेच वाईटही. इकडे फाइल बिघडली, चुकून पुसली, किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केली, तर पुढच्या मेळाला तिकडेही तेच होते. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले, तेव्हा जोडून ठेवलेल्या डिस्काही त्यातून सुटत नव्हत्या. म्हणून काम झाले की हार्डडिस्क काढून ठेवायची, कपाटात. सतत जोडलेली दुसरी प्रत म्हणजे चावी कुलपालाच लटकावून ठेवणे.

सिनेमावाल्यांची एक खरी हकिगत आहे. 1998 साली अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी 2' या कार्टूनपटाचे काम चालू होते. कोणी तरी संगणकाला पुसण्याचा हुकूम चुकीच्या जागी दिला. बघता बघता पात्रे, दृश्ये नाहीशी होऊ लागली. धावत जाऊन यंत्र बंद केले, तोपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता. बॅकअप आहे म्हणून लोक निश्चिंत होते. तपासले तर तो बरेच दिवस नीट चालतच नव्हता, आणि कोणी तो उघडून पाहिलेला नव्हता. तेवढ्यात गॅलिन सुसमन या तंत्र-प्रमुख बाईंना आठवले : बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत आपोआप घेण्याची व्यवस्था केली होती. त्यांच्या घरचा तो संगणक ब्लँकेटात गुंडाळून, मोटारीत जपून बसवून कंपनीत आणला. बहुतेक काम त्यातून परत मिळाले आणि 1999 साली चित्रपट प्रदर्शित झाला. लहान मूल सांभाळणाऱ्या एका आईच्या घरातल्या प्रतीने एवढी मोठी कंपनी तारली. पगारी व्यवस्थापकांचा बॅकअप मात्र नावालाच होता. प्रत आहे एवढे पुरेसे नाही. ती उघडते का, हे महिन्यातून एकदा चार फाइली उघडून पाहावे. फोटो पूर्ण दिसतो की अर्धा करडा दिसतो, पीडीएफ उघडते की 'एरर' येते, एवढे बघितले तरी पुष्कळ.

आता 'टू वे'कडे वळू, कारण कल्याणच्या ताईंच्या घरी खरे तर तीच परिस्थिती आहे. दोन्हीकडे थोडे थोडे नवे आहे. पहिल्याच वेळी प्रोग्रामला मागचे काही ठाऊक नसते. एक फाइल पेनड्राईव्हवर आहे आणि संगणकात नाही, तर ती पेनड्राईव्हवर नवी आली की संगणकातून पुसली गेली, हे त्याला कसे कळणार? म्हणून पहिल्या वेळी तो तिला नवीच समजतो आणि दोन्हीकडे ठेवतो. हे आपल्या फायद्याचेच आहे. मेळ पूर्ण झाला की तो दोन्ही बाजूंना एक लहानशी नोंद-फाइल ठेवतो : शेवटच्या भेटीत काय काय होते, याची यादी. पुढच्या वेळी त्या यादीवरून काय नवे आले आणि काय गेले, ते त्याला ओळखता येते. ती नोंद-फाइल 'ही कसली, उगीच' म्हणून पुसू नये.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली असेल तर मात्र प्रोग्राम हात टेकतो. त्याला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतात, म्हणजे तंटा. उदाहरणार्थ, वस्तीतल्या अभ्यासिकेचा जमाखर्च. सेक्रेटरींनी घरी चार नोंदी केल्या, खजिनदारांनी अभ्यासिकेतल्या संगणकावर तीन केल्या. दोन्ही नोंदी खऱ्या. संगणक दोन फाइलींतले आकडे एकत्र करून देत नाही. त्याला एक फाइल ठेवायची आणि दुसरी टाकायची एवढेच येते. हा तंटा माणसांनीच समोरासमोर बसून सोडवावा. त्याहून बरे म्हणजे हिशेबाची फाइल एकाच्याच ताब्यात ठेवावी आणि इतरांनी फक्त वाचावी. पुढे भांडणे नकोत.

ताईंनी आधी दोन्ही फोल्डरांची जशीच्या तशी एक जादा प्रत कुठे तरी काढून ठेवावी. मग एकदाच 'टू वे' चालवावे. तंटा म्हणून दिसलेल्या फाइली एकेक उघडून पाहाव्यात. त्यानंतर ठरवून टाकावे : नवा कागद आधी संगणकात, पेनड्राईव्हवर कधीच थेट नाही. तिथून पुढे 'अपडेट'.

घड्याळाची एक गंमत सांगायची राहिली. प्रोग्राम नवे-जुने तारखेवरून ताडतो. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्यासारखा एक गोल सेल असतो. तो संपला की वीज बंद केल्यावर घड्याळ मागे जाते, आणि आज केलेली फाइल कित्येक वर्षांपूर्वीची दिसते. मग जुनी फाइल नवी ठरते आणि खरी नवी फाइल हरते. चालू केल्यावर संगणकाची तारीख दरवेळी चुकत असेल तर आधी तो सेल बदला. दुरुस्तीवाल्याकडे थोड्या पैशांत होतो.

पेनड्राईव्हबद्दल थोडे. पुष्कळ पेनड्राईव्ह 'फॅट 32' पद्धतीने भरलेले असतात आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाची सबंध व्हिडिओ फाइल जात नसेल तर जागा असूनही का जात नाही, याचे कारण बहुधा हेच. 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' पद्धतीने फॉर्मॅट केल्यावर जाते. अर्थात फॉर्मॅट म्हणजे आधीचे सगळे पुसणे, हे विसरू नका. दुसरे, डिस्कला नाव द्या : 'घरप्रत' म्हणा. तोच पेनड्राईव्ह आज 'ई' ड्राईव्ह म्हणून येतो, उद्या 'एफ' म्हणून. फ्रीफाईलसिंकला अक्षराऐवजी डिस्कच्या नावावरून ओळखायला सांगता येते, म्हणजे चुकून दुसऱ्याच पेनड्राईव्हवर काम होत नाही.

आणि ज्या पेनड्राईव्हवर घरची प्रत आहे तो झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत कधीही नेऊ नये. तिथल्या संगणकांत दिवसभर शंभर पेनड्राईव्ह खुपसले जातात. फोल्डर गायब होऊन त्या जागी 'शॉर्टकट' दिसू लागणे हा रोग पुष्कळांनी पाहिला असेल. फॉर्मची प्रिंट काढायला वेगळा, लहान पेनड्राईव्ह ठेवा, त्यावर त्या दिवशी लागणारे तेवढेच कागद. सेतू केंद्रातल्या संगणकावर आधारची प्रत राहून जाते, तेही काम झाल्यावर तिथल्या मुलाला सांगून पुसून घ्यावे. लाजू नये.

काही वाचकांनी नेटवर्कबद्दल विचारले आहे. घरात किंवा अभ्यासिकेत दोन-तीन संगणक एकाच वायफायवर असतील तर त्यातल्या एकाच्या डिस्कवर 'शेअर' केलेला फोल्डर ठेवता येतो आणि बाकीचे त्याच्याशी मेळ घालतात. काही राऊटरना मागे यूएसबीची खाच असते, तिथे हार्डडिस्क लावून तीच सामाईक जागा करता येते. उजवीकडे पेनड्राईव्हऐवजी तो नेटवर्कचा पत्ता निवडायचा, बाकी सगळे तेच. शेअर करताना 'सर्वांना लिहिण्याची मुभा' देऊ नये, नावनिशी पासवर्ड ठेवावा. अभ्यासिकेतली पोरे चांगली असतात, पण कोणी तरी कोणाचा तरी फोल्डर गेम टाकण्यासाठी रिकामा करतोच. दोन संगणक दोन गावांत असतील तर 'सिंकथिंग' नावाचा फुकट प्रोग्राम इंटरनेटवरून थेट एका संगणकातून दुसऱ्यात मेळ घालतो, मध्ये कोणा कंपनीच्या गोदामात फाइली ठेवत नाही. पण त्यालाही सांगितले तसेच आहे : इकडे पुसले की तिकडे पुसले जाते.

हाच घोळ मोबाइलमध्ये सर्वांत जास्त होतो. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा 'वनड्राईव्ह'ला आपोआप जोडलेले असतात. फुकट जागा 5 जीबी. ती भरली म्हणून कोणी वनड्राईव्हमधून फाइली पुसतो आणि मग संगणकातूनही त्या जातात. गूगलचे खाते 15 जीबी फुकट देते, पण 1 जून 2021 पासून फोटोही त्यातच धरले जातात. गूगल फोटोजमध्ये फोटो 'डिलीट' केला की फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. 60 दिवस तो कचऱ्याच्या डब्यात सापडतो, नंतर नाही. फोनमध्ये जागा करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरावे. ते फक्त वर सुखरूप पोहोचलेले फोटो फोनमधून काढते. दोन्ही बटणांत एवढा फरक आहे आणि तो कोणी आपल्याला समजावून सांगत नाही. घरातल्या मोठ्या माणसांना मुलांनी तो एकदा फोन हातात घेऊन दाखवावा.

प्रती किती असाव्यात? जाणकार मंडळी तीन सांगतात : एक रोजच्या वापराची, दुसरी वेगळ्या प्रकारच्या साधनावर, तिसरी घराबाहेर. आपल्याकडे घराबाहेरची जागा आयती असते. मावशीचे घर, गावचा भाऊ. एक पेनड्राईव्ह त्यांच्याकडे ठेवा, त्यांचा तुमच्याकडे. सणावाराला जाणे-येणे होतेच, तेव्हा अदलाबदल करा आणि त्या दिवशी मेळ घाला. पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, वरच्या कप्प्यात ठेवा, झिपच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. हार्डडिस्क चालू असताना हलवू नये, आणि काढण्यापूर्वी 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ओढू नये.

ज्यांच्याकडे संगणक नाही, फक्त फोन आहे, त्यांनीही निराश होऊ नये. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनला 'ओटीजी' पेनड्राईव्ह थेट लागतो. एका टोकाला फोनची पिन, दुसऱ्या टोकाला संगणकाची. फोनच्या 'फाइल्स' ॲपमधून 'घरचे कागद' हा फोल्डर निवडून त्यावर कॉपी करता येतो. हा पूर्ण मेळ नव्हे, पण दुसरी जागा झाली.

फाइलींची नावे तेवढी नीट द्या. 'आयएमजी 20230614' असे नाव उद्या कोणालाच कळणार नाही. 'आजोबा शाळा उतारा 1944' असे नाव दिले की आईलाही सापडेल. आणि फोल्डर कुठे आहे, खात्याचा पासवर्ड काय, दुसरा पेनड्राईव्ह कोणाकडे आहे, हे एका कागदावर लिहून तो कागद त्या लोखंडी पेटीत ठेवा. मुलगा परगावी नोकरीला गेला की घरात विचारायला कोणी नसते.

पुढच्या अंकात : जुन्या, डाग पडलेल्या कागदाचा मोबाइलने स्वच्छ फोटो कसा काढावा. कोणाकडे वाळवी लागलेले किंवा शाई उडालेले दाखले असतील तर त्यांनी काय अडचण येते ते कळवावे. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत.